घंगाळावरचं नाव



मागचा भाग संपल्यावर स्टुडिओत एक फोन आला. बोलणाऱ्या ताई घरी शिवणकाम करतात. त्यांचे यजमान एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थकवले, दावा लागला, दोघांच्याही विरुद्ध हुकूमनामा झाला, आणि एके दिवशी सकाळी बेलिफ दारात उभा. त्याने घरात येऊन यादी केली: टीव्ही, फ्रिज, लोखंडी कपाट आणि ताईंचं शिलाई मशीन. ताई चिडून नाही, अगदी शांतपणे विचारत होत्या, "मशीन माझं आहे. कर्ज मी घेतलं नाही, सही मी केली नाही. मग माझं मशीन कसं लिहून घेतात?"

हा कार्यक्रम इतिहासाचा आहे. वकिली सल्ला द्यायला मी वकील नाही, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई आहे. पण ताईंचा हा प्रश्न आपल्याकडच्या कोर्टांसमोर दीडशे वर्षांहून अधिक काळ येतो आहे, आणि त्याचं उत्तर दर पिढीला थोडं थोडं बदलत गेलं आहे. माझ्या आजीनेही तो विचारला होता. म्हणून आज जप्तीचा इतिहास.

आधी जप्ती म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पैसे देणारा तो धनको, घेणारा तो ऋणको. ऋणकोने पैसे दिले नाहीत तर धनको दिवाणी कोर्टात दावा लावतो. दावा जिंकला की त्याला हुकूमनामा मिळतो. पण हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. तो वसूल करण्यासाठी पुन्हा कोर्टात दरखास्त द्यावी लागते, मग जप्तीचं वॉरंट निघतं आणि बेलिफ घरी येतो. आता गंमत अशी, गंमत कसली, घोळच तो, की वॉरंटावर नाव एकाच माणसाचं असतं आणि घरात वस्तू सगळ्यांच्या असतात. सासूबाईंचा पलंग, दिराची सायकल, सुनेच्या माहेरची भांडी, शेजारणीने लग्नापुरता ठेवायला दिलेला स्टोव्ह. वस्तूवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. बेलिफ बिचारा दिसेल ते लिहितो. मग खरा मालक पुढे येऊन म्हणतो, "हे ऋणकोचं नाही, माझं आहे." या म्हणण्याला कोर्टाच्या भाषेत हरकत म्हणतात. ही हरकत ऐकायची कुणी, कशी, आणि पुरावा काय मागायचा, एवढ्यावरच आजची सगळी गोष्ट आहे.

कायद्याची पुस्तकं येण्याआधीही हा प्रश्न होता. आपल्याकडे स्त्रीधनाचा विचार फार जुना. लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, आईबापांनी, भावाने, नवऱ्याने प्रेमाने दिलेलं, ते बाईचं. याज्ञवल्क्यस्मृतीत याचे नियम आहेत, आणि तिच्यावर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, आपल्या सीमेपासून फार दूर नाही. पुढे इंग्रजांच्या कोर्टात महाराष्ट्रातल्या हिंदूंचे वारसाचे आणि स्त्रीधनाचे तंटे मुख्यतः याच मिताक्षरेवर सुटले.

त्या नियमांत एक जागा लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. नवऱ्याने बायकोचं स्त्रीधन घेतलं तर त्याने ते परत केलं पाहिजे. पण चार वेळा घेतलं तर परत करण्याची सक्ती नाही: दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात, आणि नवऱ्याला कुणी अडकवून ठेवलं असेल तेव्हा. हे चौथं कारण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

इंग्रजी अमलात सावकारांच्या वकिलांनी या चार कारणांवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: अडचणीत नवरा बायकोचे दागिने घेऊ शकतो ना? मग तो त्याचाच एक हक्क झाला, आणि त्याचा हक्क म्हणजे आमच्या वसुलीला उपलब्ध. मुंबई हायकोर्टाने हे एकोणिसाव्या शतकातच नाकारलं. हा अधिकार फक्त नवऱ्याचा, व्यक्तिगत आहे, असं कोर्टाने धरलं. त्याला घ्यावंसं वाटलं तर तो घेईल, नाही वाटलं तर नाही. त्याच्या जागी उभं राहून सावकार ते घेऊ शकत नाही. निर्णय चांगला होता. पण निर्णय हायकोर्टात होतात आणि बेलिफ गावात येतो.

आता १८५९ सालाकडे येऊ. सत्तावनचा उठाव नुकताच मोडून काढला होता, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं होतं, आणि इंग्रज सरकारने दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती ठरवणारा पहिला सर्वसाधारण कायदा केला, १८५९ चा आठवा कायदा. त्याच्या २४६ व्या कलमात त्रयस्थाच्या हरकतीची सोय होती. कुणी हरकत घेतली तर कोर्टाने चौकशी करायची. चौकशीत मुख्य प्रश्न असा: जप्तीच्या वेळी वस्तू कुणाच्या कब्जात होती? ऋणकोच्या कब्जात नसेल तर सोडा. त्याच्या कब्जात असली तरी ती तो दुसऱ्यासाठी सांभाळत होता असं दिसलं, तरी सोडा. नाही तर लिलाव.

वाचायला हे न्याय्य वाटतं. पण एका घराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. कब्जा कुणाचा, हे कोर्ट कशावरून ठरवणार? घर कुणाच्या नावावर आहे, तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, यावरून. बाईचे दागिने तिच्या अंगावर असतील तेवढा वेळ तिचा कब्जा दिसणार. पेटीत ठेवले, पेटी नवऱ्याच्या खोलीत ठेवली, की कब्जा नवऱ्याचा. तो आपल्यासाठी सांभाळत होता हे बाईनेच सिद्ध करायचं. आणि कोणती बाई नवऱ्याकडून पावती लिहून घेते, "तुझे दागिने माझ्या पेटीत ठेवले आहेत" म्हणून?

या चौकशीत दिलेल्या हुकमावर अपील नव्हतं. हरलेल्या बाजूने एक वर्षाच्या आत स्वतंत्र दावा लावायचा आणि आपला हक्क सिद्ध करायचा. वर्ष उलटलं की तो हुकूम कायम. म्हणजे एका दाव्याच्या पोटी दुसरा दावा. वकील वेगळा, स्टँप वेगळा, तारखा वेगळ्या. आणि बाईने असा दावा लावायचा तर प्रतिवादींच्या यादीत सावकाराबरोबर बहुतेक वेळा स्वतःच्या नवऱ्याचंही नाव घालावं लागे. किती जणींनी ते घातलं असेल?

इथे एक बाजूची गोष्ट सांगते, कारण मला तिचा राग येतो. एकाच ऋणकोच्या मालावर दोन-तीन सावकारांचे हुकूमनामे असले तर काय करायचं? १८५९ च्या कायद्यात ज्याने आधी जप्ती आणली त्याचे पैसे आधी, अशी पद्धत होती. त्यामुळे सावकारांत धावाधाव व्हायची. १८७७ साली नवा कायदा आला आणि त्यात लिलावाचे पैसे सगळ्या हुकूमनामेदारांना प्रमाणात वाटून द्यायची सोय झाली. सावकार-सावकारांचं भांडण अठरा वर्षांत मिटवलं. घरातल्या माणसांच्या हरकतीचा एकाच ठिकाणी निकाल लागायला मात्र १९७६ उजाडावं लागलं. एकशे सतरा वर्षं.

पण दख्खनच्या गोष्टीत १८७५ सोडून पुढे जाता येत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलं आहे, पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे, १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला आणि पुढचे काही आठवडे पुणे व नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. पण पुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट नीट पाहा. लोकांना हवी होती ती सावकाराची खतं आणि हुकूमनामे. ते मागायचे, दिले की तिथेच जाळायचे. ज्यांनी कागद दिले त्यांच्या अंगाला सहसा हात लागला नाही. माणसांना कळलं होतं की आपले बैल आणि भांडी नेणारी ताकद सावकाराच्या हातात नाही, त्याच्या कागदात आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा, पण परिणाम उलटा: मुदत संपायच्या आत सावकार एक तर व्याजासकट नवं खत लिहून घ्यायचा, नाही तर कोर्टात धाव घ्यायचा. शेतकरी तारखेला जातच नसे, त्यामुळे हुकूमनामे मोठ्या संख्येने एकतर्फी व्हायचे. आणि हुकूमनामा हातात असला की ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकायची धमकी देता येत असे.

आता ते चौथं कारण आठवा. नवऱ्याला अडकवून ठेवलं असेल तेव्हा घेतलेलं स्त्रीधन परत द्यावं लागत नाही. सावकार बाईच्या पाटल्यांना कायद्याने हात लावू शकत नव्हता, हायकोर्टाने तसं म्हटलं होतं. पण नवऱ्याला पकडून न्यायची धमकी तो देऊ शकत होता. नवरा तुरुंगाच्या दारात असताना बाई पाटल्या हातात ठेवेल का? ती स्वतःच काढून देणार. मग जप्ती नाही, हरकत नाही, कोर्टाच्या कागदावर एक ओळसुद्धा नाही. मला वाटतं, आपल्या पणज्यांचं सोनं बेलिफाच्या यादीतून जितकं गेलं त्याहून जास्त या वाटेने गेलं असेल. याची मोजदाद कुठे सापडणार नाही. हा माझा अंदाज आहे, तो तसाच धरा.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याची अटक बंद केली. खतात खास गहाण लिहिली नसेल तर त्याची जमीन जप्त करायची नाही, असं ठरलं. खतावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मूळ देणं किती होतं हे कोर्टाने शोधायचं, असंही ठरलं. त्याच्या दोन वर्षं आधीच्या कायद्याने शेतीची अवजारं आणि पोटापाण्यासाठी लागणारे बैल जप्तीतून वगळले होते. हे सगळं शेतकऱ्यासाठी. त्यात बाईचं नाव कुठेच नाही, पण अटक बंद झाल्याने तिच्या पाटल्यांवरचं एक संकट निदान या चार जिल्ह्यांत टळलं.

मंगळसूत्राचं काय? १८८० च्या दशकात मुंबई हायकोर्टासमोर हा प्रश्न आला आणि कोर्टाने सांगितलं की नवऱ्याच्या हयातीत हिंदू बाई जे गळ्यातून कधी उतरवत नाही ते जप्त होऊ शकत नाही. पुढे १९०८ चा दिवाणी प्रक्रिया कायदा आला, जो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्याच्या साठाव्या कलमात जप्त न करण्याच्या वस्तूंची यादी आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे कोणत्याही बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारंही त्यात आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येणार नाही, हेही याच कायद्यात आहे, छप्पन्नाव्या कलमात.

बासष्टावं कलम वाचताना मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. बेलिफाने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचं नाही. आणि एखाद्या खोलीत पडदा पाळणारी बाई असेल तर तिला आधी सूचना द्यायची, बाहेर जायला पुरेसा वेळ द्यायचा, मग आत जायचं. केवढा हा मान! बाईला उठून जायला वेळ मिळतो. तिची पेटी तिथेच राहते.

आता माझ्या आजीची गोष्ट. ती मी वडिलांकडून ऐकली, त्यांनी ती लहानपणी पाहिली होती.

१९३२ च्या सुमाराची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावात आजोबांचं किराणा दुकान होतं. मंदीचे दिवस, शेतमालाचे भाव पडलेले, गिऱ्हाइकांची उधारी बुडालेली. त्यात आजोबा भावकीतल्या एका माणसाला जामीन राहिलेले. तो गाव सोडून गेला. आजोबा शेतकरी नव्हते, दुकानदार होते, त्यामुळे शेतकऱ्यांचं कायदेशीर संरक्षण त्यांना नव्हतं. बेलिफ आला तो दोन पंच घेऊन. साठाव्या कलमाप्रमाणे चुलीजवळची रोजची भांडी सोडली. पण फळीवरचे दोन मोठे पितळी हंडे, एक परात आणि न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ लिहून घेतलं, आणि दुकानातल्या तिजोरीत सापडलेला पाटल्यांचा जोड.

हे सगळं आजीच्या माहेरचं होतं. ती बोलली नाही. तिने त्याच दिवशी भावाला निरोप धाडला.

मामा, म्हणजे वडिलांचे मामा, तिसऱ्या दिवशी आले ते लग्नाची याद घेऊन. आपल्याकडे लग्न ठरताना याद्या करतात, कोणी काय द्यायचं ते लिहून दोन्हीकडची माणसं सह्या करतात. आजीच्या वडिलांनी तो कागद पोथीत जपून ठेवला होता. त्यात हंडे, परात, घंगाळ, पाटल्या, सगळं होतं. वकिलाने हरकतीचा अर्ज केला. आणि भांड्यांवर तर नावच होतं. पूर्वी घरोघरी भांड्यांवर ठोकून नाव घालत, कोणी दिलं, कुणाला दिलं, तारीख. कासार किंवा तांबट छिन्नीने बारीक ठिपक्यांत ते नाव घाली. आजच्या मुलींना ते जुनाट वाटतं. मला विचाराल तर बाईच्या मालकीचा तोच एक दस्तऐवज होता, आणि तो चुलीवर चढत होता.

सावकाराच्या वकिलाने घंगाळ हातात घेऊन नाव वाचलं आणि सबजज्जसाहेबांना म्हणाला, "या नावाची कोणीही बाई या घरात राहत नाही."

आणि ते खरं होतं. घंगाळावर आजीचं माहेरचं नाव होतं. लग्नात तिचं नाव बदललं. गेली सतरा वर्षं गावात तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मामा साक्षीला उभे राहिले आणि शपथेवर सांगावं लागलं की या नावाची माझी बहीण होती, तीच आज या नावाने या घरात नांदते आहे. वडील सांगायचे, घरी येऊन मामांनी हे आजीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग आत निघून गेली.

भांडी सुटली. पाटल्या सुटल्या नाहीत. त्या यादीत असल्या तरी दुकानाच्या तिजोरीत होत्या, किल्ली आजोबांकडे होती, आणि आजोबांच्या वहीत सहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली: पाटल्या गहाण ठेवल्या, नंतर दुकानाच्या पैशातून सोडवल्या. आजीनेच त्या दिल्या होत्या, दुकानात माल भरायला. तिच्या चांगुलपणाची नोंद तिच्याच विरुद्ध पुरावा झाली. कोर्ट चुकलं असं मी म्हणणार नाही. कायद्याने त्याला कब्जा बघायला सांगितलं होतं, त्याने कब्जा बघितला. एका वर्षात दावा लावता आला असता. वकिलाने सांगितलं, नवऱ्यालाही प्रतिवादी करावं लागेल. आजी नको म्हणाली. आजोबांनी आग्रह केला, माझं नाव घाल म्हणाले, तरी ती नको म्हणाली. वर्ष गेलं.

आता दुसरी बाजूही ऐका, नाही तर मी फक्त रडगाणं गायलं असं होईल. कोर्टं बायकोच्या हरकतीकडे संशयाने का बघतात? कारण खोट्या हरकती भरपूर असतात. दावा लागायचा सुमार आला की घर बायकोच्या नावावर, दुकान मेव्हण्याच्या नावावर, असं करणारे महाभाग तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणून तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५३ आहे: धनकोंना बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकतं. जप्ती लागल्यावर परस्पर विकलेली वस्तूही धनकोच्या हक्कापुढे टिकत नाही. आणि धनको म्हटलं की पगडी घातलेला सावकारच डोळ्यांपुढे आणू नका. नवऱ्याच्या माघारी पै पै साठवून ओळखीच्याला पैसे दिलेली विधवाही धनकोच असते. तिचे पैसे बुडवून समोरचा म्हणाला, "हे सगळं तर माझ्या बायकोचं आहे," तर आपण कुणाच्या बाजूने उभ्या राहू?

म्हणजे कोर्टापुढे खरी बायको आणि खोटी बायको एकाच अर्जात येते. दोघी तेच शब्द बोलतात. फरक सांगतो तो कागद, आणि कागद लग्नाआधीचा, कर्जाआधीचा असेल तर जास्त स्पष्ट सांगतो.

स्वातंत्र्यानंतर बाईच्या हक्काची बाजू भक्कम होत गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. विधवेला फक्त हयातीपुरता मिळणारा हक्क संपला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बाई सासरी राहायला गेली म्हणून तिचं स्त्रीधन नवरा-बायकोचं सामाईक होत नाही. नवऱ्याकडे ठेवायला दिलं तर ते विश्वासाने दिलेलं धरायचं. तो खटला जप्तीचा नव्हता, परत न केलेल्या दागिन्यांचा होता. पण आजीच्या सबजज्जापुढे हे वाक्य असतं तर? २००५ पासून मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच वाटा आहे, त्यामुळे वडिलांच्या कर्जापोटी राहतं घर लिलावाला निघालं तर आता लेकीही हरकत घेऊन उभ्या राहू शकतात.

आणि हरकत ऐकायची पद्धत बदलली ती १९७६ च्या दुरुस्तीने. ती १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली. आता त्याच कोर्टाने, त्याच दरखास्तीत, कब्जाच नव्हे तर हक्क, मालकी, हितसंबंध, सगळे प्रश्न ठरवायचे. वेगळा दावा लावायची गरज नाही. दिलेला निर्णय हुकूमनाम्यासारखाच धरला जातो आणि त्यावर अपील करता येतं. आदेश एकवीस, नियम अठ्ठावन्न. पाठ करायची गरज नाही, वकिलाला विचारताना उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

पण त्या नियमात एक काटा आहे. हरकत घेण्याआधीच वस्तूचा लिलाव झाला असेल, किंवा हरकत मुद्दाम वा विनाकारण उशिरा घेतली असं कोर्टाला वाटलं, तर ती ऐकली जात नाही. मग पुन्हा तोच जुना रस्ता, वेगळा दावा. म्हणून बेलिफ यादी करून गेल्यावर "बघू, यजमान काहीतरी करतील" म्हणत बसलं की दिवस हातचे जातात.

एक छोटी गोष्ट विम्याची. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा पूर्वी हिंदूंना लागूच नव्हता. पण त्यातलं सहावं कलम १९२३ साली हिंदू, मुसलमान, शीख, जैन पुरुषांच्या पॉलिसींनाही लावलं गेलं. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या, मुलांच्या लाभासाठी म्हणून पॉलिसीवर तसं लिहून घेतला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी होते आणि त्याच्या धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. अपवाद एकच, धनकोंना फसवण्यासाठीच तो विमा उतरवला आणि हप्ते भरले असं सिद्ध झालं तर. नुसतं वारस म्हणून नाव लावणं वेगळं आणि हे वेगळं. विमा एजंट घरी आला की चहा होईपर्यंत विचारून घ्या. शंभर वर्षं झाली ही सोय होऊन, आणि माझ्या ओळखीच्या दहा घरांतल्या एकाही बाईला ती ठाऊक नव्हती.

आता फोनवरच्या ताईंकडे येते. ताई, तुमचं मशीन म्हणजे कारागिराचं हत्यार, हे खरं. पण ते संरक्षण ज्याच्यावर हुकूमनामा आहे त्या कारागिराला. तुमच्यावर हुकूमनामाच नाही, म्हणून तुमची वाट हरकतीची. मी त्यांना विचारलं, मशीनची पावती आहे का? आहे, म्हणाल्या. कुणाच्या नावाची? थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. पावती यजमानांच्या नावाची होती. त्या दिवशी ताई गावच्या जत्रेत होत्या, टेंपो घेऊन यजमान दुकानात गेले, दुकानदाराने नाव विचारलं, त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यात त्यांच्या मनात काही नव्हतं.

मग मी विचारलं, पैसे कुठले? बचत गटाचे. गटाच्या बैठकीच्या वहीत ठराव आहे, शिलाई मशीनसाठी अमुक इतकं कर्ज, ताईंच्या नावाने, आणि तारीख पावतीच्या चार दिवस आधीची. हप्त्यांच्या नोंदी ताईंच्या पासबुकात, प्रत्येक महिन्याच्या. यजमान जामीन राहिले ते त्यानंतर दोन वर्षांनी. वही गटाच्या अध्यक्षबाईंच्या कपाटात होती. ताईंनी ती परवा तालुक्याला नेऊन विधी सेवा समितीने दिलेल्या वकीलबाईंना दाखवली. हरकतीचा अर्ज दाखल झाला आहे, लिलावाची तारीख अजून लागलेली नाही.

काल त्यांचा पुन्हा फोन आला. वकीलबाईंनी एक गोष्ट विचारली होती: गटाच्या वहीत ताईंचं नाव माहेरच्या आडनावाने लिहिलं आहे, ते का? गट सुरू झाला तेव्हा ताईंचं रेशनकार्ड बदललेलं नव्हतं. आता त्या विवाह नोंदणीचा दाखला काढायला ग्रामपंचायतीत गेल्या आहेत. मी त्यांना घंगाळाची गोष्ट सांगितली. ते अजून माझ्याकडे आहे, गच्चीत तुळशीशेजारी, पाणी भरून ठेवते चिमण्यांसाठी. नाव अजून वाचता येतं.